बोअरच्या पाण्याचे खोडलेले कलम

मी, संयोगिता हंबीरराव सरनोबत, वय ७४, निवृत्त भूगोल प्राध्यापिका, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. कुणाचे दडपण नाही. माझ्यावर दडपण आणणारा माणूस बावड्यात अजून जन्मायचा आहे. यापूर्वीचा कच्चा मसुदा मी रद्द केला. का केला तेही यातच लिहिते, कारण तोंडाने सांगायची लाज वाटते.

१. घर. माझे यजमान कै. हंबीरराव यांच्या मागे माझ्या एकटीच्या नावावर झालेला बंगला माझा मुलगा अमरसिंह, राहणार पुणे, यास मिळावा. आम्ही एका मुलावर थांबलो आणि त्या एका गोष्टीवर मी जन्मभर मिरवले. अमरसिंहला मागच्या अंगणात पोहायचा तलाव बांधायचा आहे. बांधू नये. ही अट कोर्टात टिकणार नाही, असे वकील म्हणतात. आईचा शब्द म्हणून टिकते का ते त्याने पाहावे.

२. बँकेतील ठेवी अमरसिंह आणि नातू ऋतुराज यांनी निम्म्या निम्म्या घ्याव्यात. यावरून भांडावे लागू नये इतके दोघांकडे आहे.

३. घरातील वस्तू. यांचे काय करायचे ते अमरसिंहने ठरवावे. वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करणाऱ्या मोनाला मी यादी सांगत गेले: तीन एसी, दोन फ्रीज, कपडे धुण्याचे मशीन, माझ्या एका ताटासाठी भांडी धुण्याचे मशीन, दोन गाड्या. त्यातली मोठी गाडी बॅटरी उतरू नये म्हणून ड्रायव्हर रविवारी नुसती चालू करून ठेवतो आणि ती जागच्या जागी पेट्रोल पिते. साड्यांच्या कपाटांपाशी आले तेव्हा मोनाने अगदी सरळ मनाने विचारले, "मॅडम, हे भावकीतल्या सगळ्यांचं मिळून लिवायचं हाय न्हवं?"

मी तिच्यावर ओरडले. घरी आल्यावर जेवण गेले नाही. खाणारी तोंडे वाढली की पृथ्वी पुरत नाही, हे मी गावोगाव सांगत हिंडले. माझे एक तोंड किती खाते, हे त्या पोरीच्या प्रश्नाआधी मनातही आले नव्हते. हे लिहितानाही एसी चालू आहे. मघाशी बंद करून पाहिला आणि थोड्या वेळाने पुन्हा लावला.

४. व्याख्यान. 'वाढती माणसे, आटते पाणी' हे माझे व्याख्यान गेल्या जुलैपर्यंत शाळा-कॉलेजांतून चालू होते. त्यात पडद्यावर पहिला फोटो यायचा तो एका अंगणाचा. दिवाळीची पहाट, पाण्याचा बंब आणि आंघोळीसाठी ताटकळलेली पोरे. ते अंगण माझ्या धाकट्या जाऊबाई बाळाबाई यांचे. पोरे त्यांचीच, पाच मुली आणि एक मुलगा. मी नाव सांगत नव्हते, पण बावड्यातल्या शाळेत नाव कशाला सांगावे लागते? त्यांची सर्वांत धाकटी निशिगंधा, जी आता कागलच्या एमआयडीसीत नोकरीला आहे, एकदा त्या वर्गात होती. फोटो हलेपर्यंत तिने मान वर केली नाही. मी ते पाहिले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच फोटो लावला. त्या बंबभर पाण्यात अख्खे घर न्हायचे. माझ्याकडे तेवढे पाणी गाडी धुवायला लागते.

व्याख्यान पुसून टाकावे. फोटो मोठा करून निशिगंधाला द्यावा. त्या सहा भावंडांचा एकत्र असा दुसरा फोटो त्यांच्या घरात नाही.

५. अंत्यविधी. पंचगंगेकाठी शेणींवर, म्हणजे गोवऱ्यांवर, दहन करावे. चंदन वगैरे काही नको. आमच्या पर्यावरण मंडळाने शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर प्रत्येक खुर्चीपुढे पाण्याची प्लास्टिक बाटली ठेवू नये.

६. बोअर. (हे कलम खोडले आहे.) भावाभावांच्या वाटणीत विहीर बाळाबाईंच्या बाजूला गेली, याचा मला राग होता. म्हणून मी हद्दीला लागूनच खोल बोअर मारले आणि बंगल्यापुढे हिरवळ केली. तेव्हापासून त्यांची विहीर शिमग्यालाच तळ दाखवते. "घरात माणसं वाढली की विहीर आटायचीच," असे मी त्यांच्या दारात उभी राहून म्हणाले. त्यांची सून आणि नातवंडे घागरी घेऊन टँकरला जातात, तेव्हा कुंपणाच्या अलीकडे माझ्या हिरवळीवर फवारे उडत असतात.

कच्च्या मसुद्यात मी लिहिले होते की, माझ्या पश्चात बोअरचे निम्मे पाणी बाळाबाईंच्या घराला कायमचे द्यावे. मला वाटले, फिटले सगळे. मोठ्या तोऱ्यात त्यांना वाचून दाखवायला गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"चांगलं हाय की आक्का," त्या म्हणाल्या. "पर मग आमी रोज सकाळी घागर घिऊन तुमच्या मरणाची वाट बघायची व्हय?"

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. सूप बाजूला ठेवून त्यांनी मला चहा केला. तो टँकरच्या पाण्याचा होता. मी मान खाली घालून तो प्यायले.

मेल्यावर देण्यात माझे काय जात होते? दुसऱ्याच दिवशी प्लंबर बोलावून बोअरचा पाइप त्यांच्या टाकीला जोडून घेतला. पाणी आधी तिकडे, उरले तर इकडे. हिरवळ वाळली तर वाळो. नोंदणी कार्यालयात जाऊन पाण्याचा हक्कही लिहून दिला आहे, म्हणजे माझ्या मागे अमरसिंहला पाइप तोडता येणार नाही. वाटण्यासारखे पाणी आता माझ्याकडे उरलेले नाही, म्हणून कलम खोडले.

साक्षीदारांविषयी. मृत्युपत्राने ज्याला काही मिळते, त्याची सही साक्षीदार म्हणून घेऊ नये, असे वकिलांनी बजावले होते. कलम खोडल्यावर ती अडचण राहिली नाही. दोन्ही साक्षीदारांच्या समोर मी सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर. दुसऱ्या साक्षीदाराने आधी चष्मा लावून पहिल्यापासून सगळे वाचले, फोटोचे कलम दोनदा वाचले, आणि पेन मागितले.

ठिकाण: कसबा बावडा, कोल्हापूर
दिनांक: १८ एप्रिल २०२५

लिहून ठेवणार: संयोगिता हंबीरराव सरनोबत

साक्षीदार:
१. डॉ. आदर्श इंगवले, शेजारी
२. बाळाबाई गुंडू सरनोबत, जाऊ. या मृत्युपत्राने यांना काहीही मिळत नाही.