घरी बसायची परवानगी

४ सप्टेंबर. विमानात, दुपारी.

लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यात छत्तीस वर्षं लॉगबुक लिहिलं. तारीख, वेळ, तक्रार, उपाय, खाली सही. त्याच सवयीने ही वही. कुणाला दाखवायची नाही. हिला तर नाहीच.

प्रकरण असं. मला एकसष्ट पूर्ण. गुडघे बोलायला लागलेत, मशीनरूमचे जिने चढवत नाहीत. पुतण्या तयार झालाय, सगळ्या इमारती डोळे मिटून सांभाळेल. (उघडे ठेवले तर जास्त बरं, पण असो.) मागच्या महिन्यात हिला सांगितलं, एक ऑक्टोबरपासून मी घरीच. वाटलं, खूश होईल. चौतीस वर्षं ऐकतोय, तुम्हाला घराला द्यायला वेळ नाही म्हणून. हिने घडी घातलेली चादर उलगडली आणि पुन्हा घडी घातली. म्हणाली, घरी म्हणजे दिवसभर? म्हटलं, दिवसभर. म्हणाली, दुपारीसुद्धा?

दुपारी दोन ते पाच हे हिचं राज्य. तिथे काय चालतं मला माहीत नाही. शेजारीण म्हणते, गाते. माझ्या कानावर कधी आलं नाही, आणि माझे कान असे की तळमजल्यावर उभा राहून आठव्या मजल्यावरचं बेअरिंग सांगतो.

तीन दिवस विचार करून हिने अट घातली. आधी बारा दिवस परदेश हिंडायचा. पाच शहरं, चोवीस तास, दोघंच. ते निभलं तर बसा घरी, माझी हरकत नाही. नाही निभलं तर हातपाय चालतात तोवर सकाळी साडेआठला घराबाहेर.

सोपा पेपर. मी माणूस लाघवी आहे, गिऱ्हाइकंसुद्धा म्हणतात. तीन निश्चय : लिफ्टचा विषय काढायचा नाही, हिच्या कामात नाक खुपसायचं नाही, कमी बोलायचं.

आत्ताच हिला सीटबेल्ट नीट लावून दिला. तिचा तिने लावला होता, पण जरा पीळ होता.

५ सप्टेंबर. पहिलं शहर. सकाळी ७.१०

मिनिटावारी वेळापत्रक केलंय. दोन प्रती, दोन्ही प्लास्टिकमध्ये. तिची तिला दिली. तिने पाण्याच्या ग्लासाखाली ठेवली. उडून जाऊ नये म्हणून.

हॉटेलच्या लिफ्टबद्दल अवाक्षर काढलं नाही. गाइड शू कोरडा आहे, रुळावर घासतो. ही नोंद फक्त इथे.

६ सप्टेंबर. तेच शहर. संध्याकाळी.

चौकातल्या बाकावर ही कबुतरं बघत बसली. वेळापत्रकात दहा मिनिटं होती, हिला पस्तीस लागली. मी एका शब्दाने टोकलं नाही. नुसता समोर उभा राहिलो, हातात घड्याळ. म्हणाली, तुम्ही न बोलता फार मोठ्याने बोलता.

छान बोलते कधीकधी.

८ सप्टेंबर. दुसरं शहर. सकाळी ६.३०

काल ही अंघोळीला गेली तेव्हा तिची बॅग नव्याने भरून दिली. एक तृतीयांश जागा वाचली. रात्री हिला गाऊन सापडेना. तक्रार : वस्तू सापडत नाही. उपाय : मी सांगितलं, डाव्या बुटात गुंडाळलाय. म्हणजे घरात माझा उपयोग आहे हे आपोआप सिद्ध झालं. मुद्दाम बोलून दाखवलं नाही. एकदाच दाखवलं.

९ सप्टेंबर. तिसरं शहर, गाडीतून उतरल्यावर.

चार तासांचा प्रवास. हिने पुस्तक उघडलं, मी खिडकीतून दिसेल ते सांगत गेलो, म्हणजे तिला मान वर करायला नको. उतरताना बघितलं, पुस्तक त्याच पानावर. वाचनात राम नसणार.

१० सप्टेंबर. दुपारी.

जेवताना म्हणाली, आज दोन ते पाच तुम्ही तुमचं बघा, मी माझं बघते. मी ओळखलं. हा परीक्षेतला फसवा प्रश्न. हातात नकाशा नसताना बायकोला परक्या गावात एकटी सोडतो का, हे बघायचं होतं. नाही सोडली. वीस पावलं मागे राहिलो. टोपीच्या दुकानाच्या काचेत तिला मी दिसलो. ती वळली, जवळ आली, खांद्यावरची पिशवी उतरवून माझ्या हातात दिली आणि पुढे चालू लागली.

म्हणजे गरज पडलीच.

तीच तारीख. संध्याकाळी ७.००

ही आज अकरा वाक्यं बोलली. मोजली. त्यातली सात वेटरशी. वेटरला आपली भाषा येत नाही, तरी त्याच्याशी मजेत बोलत होती. माझ्या वाट्याला आलेली चार : हो. नको. बघा तुम्ही. मीठ.

थकली असेल. उद्यापासून वेळापत्रकात 'गप्पा' असा रकाना घालतो. साडेसहा ते सात.

११ सप्टेंबर. चौथं शहर. संध्याकाळी.

साडेसहाला गप्पांना बसलो. साडेसहा ते सहा चाळीस मी विषय सुचवले. मग ही म्हणाली, उद्या सकाळी काचघर, लक्षात आहे ना. लग्नाआधीपासून हिच्याकडे एका कॅलेंडरचं पान आहे : लोखंड आणि काचेचा घुमट, आत झाडं, पाण्यावर माणूस बसेल एवढी पानं. ते काचघर या गावात आहे. या सहलीत हिने स्वतःहून मागितलेली एकमेव गोष्ट. म्हणाली, तिथे घाई करायची नाही. म्हटलं, तू म्हणशील तसं. बाकी पेपर जेमतेम गेला असेल तरी हा प्रश्न मी पूर्ण सोडवणार. उद्या सगळं भरून निघेल.

एक गोष्ट इथेच लिहितो. या हॉटेलची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून जाताना टक् करते. दाराच्या कुलपाचा रोलर. कुणी बघत नाही.

१२ सप्टेंबर. दुपारी ४.३०, तळघरातून.

शांतपणे लिहितो. नंतर कुणी काही म्हटलं तर लेखी असावं.

सकाळी १०.२० ला ही पाचव्या मजल्यावर खोलीत कोट घालत होती. म्हटलं, तू ये सावकाश, मी जिन्याने उतरतो, गुडघ्यांना व्यायाम. तिसऱ्या मजल्यावर आलो, कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नाही. माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात लिफ्टचं दार बाहेरून उघडायची तिकोनी चावी कायम असते. देश कुठलाही असो, चावी तीच. दार चार बोटं उघडलं, फक्त रोलर बघायला. अर्धं मिनिट. तेवढ्यात वर कुठेतरी लिफ्ट धापकन थांबली.

दार लगेच बंद केलं. जुनी लिफ्ट असती तर पुन्हा चालू पडली असती. इथे कंट्रोलर नवा. दाराला कुणी बाहेरून हात लावला की तो स्वतःला कुलूप घालून घेतो, आणि कंपनीचा माणूस येऊन सोडवेपर्यंत हलत नाही. उत्तम व्यवस्था आहे. मला माहीत नव्हती, एवढंच.

आत ही. बरोबर शेजारच्या खोलीतली एक म्हातारी बाई, इथलीच.

काउंटरवरच्या मुलीने फोन केला. माणूस दोन तासांनी येणार. मी तिसऱ्या मजल्यावर दाराला कान लावून बसलो. वरून हिचा आवाज आला, अहो, बाहेर तुम्ही आहात ना. म्हटलं, हो. म्हणाली, हे तुम्हीच केलंत ना. म्हटलं, मी तपासत होतो. दोन्ही बायकांच्या चपलांचा आवाज, मग खाली बसल्याचा.

थोड्या वेळाने म्हणाली, मला एक सांगा, तुम्ही घरी बसून करणार काय? दारातून बोलणं सोपं जातं. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, तुझ्याशी बोलेन. म्हणाली, काय बोलाल? विचार केला. खूप केला. काहीच सुचेना, आणि वेळ चालला होता, म्हणून नवा कंट्रोलर कसा चालतो ते समजावून सांगितलं.

पुढे बहुधा साडेअकरा. गाणं ऐकू आलं. आधी वाटलं ती म्हातारी. पण शब्द आपले होते. आवाज किंचित जाडसर, खालच्या सुरात सावकाश चालणारा. वरती कुठे ओढाताण नाही, कुठे घरघर नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला. म्हातारी मध्येच टाळी देत होती. मी किती वेळ ऐकत होतो सांगता येत नाही. मग वरच्या मजल्यावर काहीतरी खुट् झालं, म्हणून मी दारावर टकटक केली आणि सांगितलं, जरा गप्प बसा, मला मशीन ऐकू येत नाहीये.

गाणं थांबलं. पुन्हा सुरू झालं नाही.

१२.४० ला मेकॅनिक आला. त्याने माझ्याकडे बघितलं, चावीकडे बघितलं, आणि त्याच्या भाषेत दोन शब्द बोलला. भाषा येत नसली तरी ते शब्द मी स्वतः अनेक गिऱ्हाइकांना उद्देशून वापरलेत. दार उघडलं. मला वाटलं होतं, ही घामाघूम, रडवेली असेल. उलट दहा वर्षांनी लहान दिसत होती. म्हातारीच्या हातात हात. म्हणाली, आम्ही दोघी काचघर बघायला जातोय. म्हटलं, मी छत्री घेतो. म्हणाली, तुम्ही थांबा. यांना मदत करा.

विश्वास टाकला माझ्यावर.

मदत केली. मेकॅनिकने आधी बॅटरी धरायला दिली, मग पाना दिला. रोलर झिजलाच होता. मी बोट दाखवून टक् असा आवाज काढला, त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. तळघरात त्याच्या डब्यातलं अर्धं सँडविच खाल्लं. खरं सांगायचं तर सहलीतला सर्वांत छान दिवस. हिचाही असणार. बरोबर नव्हतो, एवढंच.

१३ सप्टेंबर. पाचव्या शहराच्या गाडीत. सकाळी ८.००

काल ही सातला परत आली, कोटावर पानाचा तुकडा चिकटलेला. मी विचारलं, कसं होतं. म्हणाली, होतं तसंच. मग आपणहून सांगायला लागली. त्या म्हातारीचा नवरा मागच्या वर्षी गेला. खुणेने तिने सांगितलं की आता घरात भांडं पडलं तरी तिनेच पाडलेलं असतं. हे सांगताना हिने माझ्या बाहीचं बटण लावून दिलं. ते उघडं नव्हतं, पण जरा सैल होतं.

पास. माझ्या अंदाजाने चांगल्या मार्कांनी. एक ऑक्टोबरपासून घरात काय काय बदलायचं त्याची यादी करायला घेतली. स्वयंपाकघरातली फळी उगाच उंच आहे.

१४ सप्टेंबर. दुपारी ३.००

यादी हिने वाचली. टेबलावर राहिली होती.

नदीकाठच्या बाकावर बसलो होतो. म्हटलं, निकाल उद्यावर ठेवू या का. म्हणाली, नको, आजच सांगते. रागावली नव्हती, हेच वाईट. म्हणाली, तुम्ही माणूस चांगले आहात, माझी तक्रार नाही. पण सकाळी साडेआठला जाऊन संध्याकाळी सातला येणारे चांगले आहात. सातला तुमची बेल वाजली की मला बरं वाटतं, अजूनही वाटतं. तुम्ही दिवसभर घरातच असाल तर बेल कोण वाजवणार?

म्हटलं, मी बाहेर जाऊन वाजवीन. हसली. पण निकाल बदलला नाही.

तडजोडीचा प्रयत्न केला. आयुष्यभर बिल्डरांशी घासाघीस केलेला माणूस मी. म्हटलं, आठवड्यातले तीन दिवस. नाही. दोन. नाही. शेवटी शनिवारी अर्धा दिवस मिळाला. दोन ते पाच सोडून.

म्हटलं, गातेस छान. म्हणाली, हो का, मशीन ऐकू आलं का मग?

त्यानंतर लगेच उठलो नाही. वेळापत्रकात इथे काय होतं ते बघितलं नाही.

१५ सप्टेंबर. विमानात.

शांतपणे विचार केला. निर्णय माझाच आहे. या वयात माणसाने एकदम थांबू नये, डॉक्टरही सांगतात. पुतण्या अजून कच्चा. मी नसताना या बारा दिवसांत तिकडे काय गोंधळ झाला असेल देव जाणे. घरी बसणं म्हणजे त्या पोरावर अन्याय. खुर्ची त्याने आतापर्यंत बळकावली असेल, गोडीगुलाबीने परत घ्यावी लागेल. त्याचं मन न दुखवता कसं सांगायचं, ते उतरेपर्यंत ठरवतो.

हिने सीटबेल्ट लावला. पीळ होता. हात लावला नाही.

१७ सप्टेंबर. सकाळी ९.१५, ऑफिस.

सगळं जागच्या जागी. बारा दिवसांत एकच तक्रार आली होती, तीही त्याने त्याच दिवशी मिटवलेली. माझं टेबल पुसलेलं, खुर्ची होती तिथेच, पाठीला उशीसुद्धा. पुतण्या दाराजवळच्या जुन्या स्टुलावर बसून फोन घेत होता. मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. हे बघ, मी खूप विचार केला, तुझ्यावर एवढा भार टाकणं बरोबर नाही, म्हणून मी ठरवलंय.

त्याने पुरं ऐकून घेतलं. चांगला पोरगा आहे. मग म्हणाला, काका, काकूने जायच्या आधीच सांगून ठेवलं होतं, काकांची खुर्ची हलवू नकोस, आल्यावर लागेल.

मी बसलो. पाठीची उशी सरळ केली. विचारलं, मग तू काय म्हणालास?

म्हणाला, मी म्हटलं, काकू, एवढ्यासाठी बारा दिवस कशाला, लांबच्या लांब? गावाबाहेर कुठेतरी दोन दिवस जाऊन या, तेवढ्यातही कळेल. तर काकू म्हणाली, अरे, कळायचं काय राहिलंय? मला ती पाच शहरं बघायची आहेत.