अक्काला आठवत नाही म्हणे

३ डिसेंबर, मंगळवार

अक्काच्या पोराचा, महेशचा ह्यांना फोन. अक्काला परवा पुण्याहून घेऊन येतोय. विसरायला लागलीय म्हणे. डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या गावात, ओळखीच्या माणसांत महिनाभर ठेवून बघा. हे लगेच "आण की, आमच्याकडंच राहू दे" म्हणून मोकळे. मला विचारलं ते फोन ठेवल्यावर.

मी कणीक मळत होते. मळतच राहिले.

ओळखीची माणसं! या थोरल्या जावेशी मी चौदा वर्षं एक शब्द बोललेली नाही. मोठे दीर वारले तेव्हा गेले, तिच्यासमोर बसले, तोंड उघडलं नाही. आता ती माझ्या घरात, लेकीच्या, अर्चूच्या खोलीत झोपणार.

५ डिसेंबर, गुरुवार

दुपारी आले. महेशनं हात धरून उतरवलं. लई वाळलीय. दारात थांबली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणते, "शैले, चहा टाक गं. आलं घाल."

जसं काही कालच उठून घरी गेली होती.

टाकला चहा. आलं घातलं नाही.

जाताना महेश हळूच म्हणाला, "काकू, मागचं काही काढू नका. गोंधळती ती." बरं आहे. करणारीनं विसरायचं आणि भोगणारीनं तोंड मिटायचं.

८ डिसेंबर, रविवार

एकदा नीट लिहूनच ठेवते, म्हणजे माझ्या तरी डोक्यात घोळ नको.

अर्चूच्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली, कोडाचा डाग. चिंचोक्याएवढा. उमरग्याकडचं स्थळ आलं, मुलगा मास्तर. मी डागाचं सांगितलं नाही. लग्नानंतर बघू म्हटलं, मागून उंच ब्लाऊज शिवून घेतला. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी निरोप आला, आम्हाला जमणार नाही. मध्यस्थ म्हणाले, तुमच्याच घरातली बाई येऊन सांगून गेली. मी तशीच अक्काच्या दारात गेले. मान वर करून म्हणाली, "व्हय, मीच गेलते."

का, ते नाही. चुकलं, ते नाही. एवढंच.

गावभर झालं. अर्चू दोन वर्षं कुणाच्या लग्नाकार्याला गेली नाही.

आज मुद्दाम विचारलं, "अक्का, भूकंपाचं आठवतंय का?" सगळं आठवतं! पहाटेची वेळ, तोंडात गेलेली माती, ह्यांनी हातानं दगड काढले, नखं निघाली, तिला ओढून बाहेर काढलं. माझ्या लग्नातल्या शालूचा रंगसुद्धा सांगितला. आणि तासाभरापूर्वी चहा प्यालेला आठवत नाही.

सोयीचं दुखणं आहे.

१२ डिसेंबर, गुरुवार

अंगणवाडीत तीस वर्षं रजिस्टरं लिहिली. खोटं वजन सांगणारी आई मला तोंडावरून कळायची. अक्काचं तोंड मात्र वाचता येईना.

१. ह्यांना बरोबर "भावजी" म्हणते, एकदाही चुकत नाही.
२. मला कधी शैला म्हणते, कधी कोण आपण म्हणून विचारते.
३. अर्चूच्या खोलीत गेली की भिंतीवरचा फोटो बघत बसते. मी आत गेले की नजर वळवते.

विसरलेलं माणूस नजर कशाला वळवंल?

अर्चूचा सासरहून, लातूरहून फोन. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "आई, सोड की आता. मी केव्हाच सोडलं. मी मोहनना पहिल्या भेटीतच डाग सांगितला, ते हसले, म्हणाले एवढंच ना?"

"तुझं तू सोड. मी माफ करायला ती आधी चुकलं म्हणायला पाहिजे."

"आणि तिला आठवतच नसंल तर?"

पोरीचंही खरंच. पण मग मी हे घेऊन जायचं कुठं?

१७ डिसेंबर, मंगळवार

आज सापळा लावला. दुपारी तिघं जेवायला बसलो असताना सहज म्हटलं, "उमरग्याकडच्या त्या मास्तराला दोन पोरं झाली म्हणे." खोटंच. मला काय माहीत?

अक्काचा घास हातात राहिला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ह्यांच्याकडं बघितलं.

हे उठले. "पाण्याची मोटार बंद करून येतो."

लाईट सकाळपासून नव्हती.

१९ डिसेंबर, गुरुवार

अंगात कणकण, पडून होते. डोळा लागला होता. जाग आली तर अक्का पायाशी बसून माझे पाय चेपतेय. थोरली जाऊ, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. पाय ओढून घेतले.

"दाबू दे की. तू लई दमतीस."

इतकी माया कुणाला उगीच येत नाही. मनात काहीतरी असल्याशिवाय नाही. किंवा मला असं वाटायची सवयच लागलीय.

संध्याकाळी ह्यांना म्हणाले, नाटक करतेय ती. हे चिडले. "डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढलाय. आजारी माणसाला तरी सोड." ह्यांना असं चिडलेलं फार कमी बघितलंय. तिच्यासाठी तर कधीच नाही.

२४ डिसेंबर, मंगळ.

अक्का बरी. मी बरी. हे दिवसभर शेतात. घरात थांबत नाहीत हल्ली. ती आल्यापासून. आधी लक्षात कसं आलं नाही.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस, शेत पुजायची अमावस्या. दरवर्षी पाचपन्नास माणूस बोलावतो, यंदा ह्यांनी कुणालाच सांगितलं नाही. तिघंच. पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलीचं मडकं. तुरीच्या कडेला कडब्याची कोप घातली होती. अक्कानं कोपीतल्या पाच दगडांच्या पांडवांना हळदकुंकू वाहिलं, कोपीला फेऱ्या मारताना "ओलगे ओलगे" स्वतः म्हणत होती, एक शब्द चुकली नाही. मला वाटलं, बघा, बघा.

जेवणं झाली. मी आंबील ओतत होते. अक्का एकदम ह्यांना म्हणाली,

"भावजी, आता तरी शैलीला सांगा. मी किती दिवस वाईट व्हायचं?"

मी समोर होते. हातभर अंतरावर.

हे म्हणाले, "वहिनी, जेवा."

"जेवले की मी."

"मग पडा जरा कोपीत."

ती गुमान जाऊन पडली. हे बांधानं निघाले ते शेजारच्या शिवारात. तिथं माणसं हसत होती, हाका मारत होती. मी आंबिलीचा तांब्या घेऊन तशीच

३१ डिसेंबर, मंगळवार

विचारलं. "काल अक्का काय म्हणत होती?"

"तिच्या बोलण्याला काय अर्थ आहे? डोकं ठिकाणावर नाही तिचं."

"त्या दिवशी मी नाटक म्हणाले तर डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढलाय म्हणालात. डोकं ठिकाणावर नाही, हे खरंच. पण मग खोटं रचायला डोकं कुठून आणलं तिनं?"

हे भाकरी अर्धी टाकून उठले.

चाळीस वर्षं या माणसाच्या ताटात वाढतेय.

२ जानेवारी, गुरुवार

हे शेवटी बोलले. गोठ्यात, माझ्याकडं पाठ करून, म्हशीला वैरण टाकत.

"मी म्हटलं होतं लपवून पोरगी देऊ नये. उद्या सासरी कळलं असतं तर हाकलून दिली असती."

"कुणाला म्हटलं होतं?"

"वहिनीला."

"मला का नाही?"

"तू ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. हे मला इथं लिहायला लागतंय.

"मग ती उमरग्याकडं गेली कशी? तिला काय पडलं होतं?"

"मी जा म्हटलं नव्हतं. ती आपल्या मनानं गेली."

"आणि चौदा वर्षं मी तिला शिव्या घातल्या, पाण्याला विचारलं नाही, ते बघत बसलात?"

"दिवस गेले की अवघड होत जातं, शैला." एवढं म्हणून टोपलं उचलून गेले.

पटतं. पटत नाही. आपल्या मनानं गेली असती तर "भावजी, सांगा" कशाला म्हणाली असती?

५ जानेवारी, रविवार

हे बाजाराला गेले होते. अक्काला अंगणात उन्हात बसवलं, केसाला तेल लावलं. आज सापळा नव्हता. साधंच विचारलं.

"अक्का, तुम्ही तिकडं उमरग्याकडं का गेला होता हो?"

तिनं मान वळवून मला बघितलं. ओळखलं नाही. मग हळू आवाजात म्हणाली,

"शैलीला सांगू नको हं. लई तापट हाय ती. भावजींनी शपथ घातलीय."

"कसली शपथ?"

"माझं नाव घेऊ नका, म्हणले. पोरीचं भलं होईल, म्हणले. मला मातीतनं काढलं त्यांनी. त्यांना न्हाय कसं म्हणू?"

फणी हातात राहिली.

म्हणजे कोण खरं? एक सगळं विसरतेय, दुसऱ्याला चौदा वर्षं लपवायची सवय. विसरणारीवर माझा विश्वास बसतोय. कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

मी पुढं जाऊन तिच्यासमोर बसले. म्हणाले, "अक्का, चुकलं माझं. मला माफ करा."

"कशाबद्दल गं?"

काय सांगणार? सांगितलं तरी. एक बाई होती, तिनं पोरीचा डाग लपवला, पहिल्यापासून. जावेनं कसं सांगितलं, ही कशी भांडली, मयताला जाऊनसुद्धा कशी बोलली नाही. अक्का मन लावून ऐकत होती, मधे हुंकार देत. संपल्यावर विचारते,

"मग? बोलली का ती पुन्हा जावेशी?"

"बोलली."

"बरं केलं बाई," म्हणाली, आणि डोकं पुढं केलं, वेणी घाल म्हणून.

माफी मिळाली का नाही, काय लिहू.

९ जानेवारी, गुरुवार

महेश घेऊन गेला. थोडं बरं वाटलं इथं, म्हणाला, उन्हाळ्यात परत आणतो. मी म्हटलं आण. मनापासून. गाडीत बसताना अक्का मला म्हणाली, "तुम्ही यायला पाहिजे होतं की पुण्याला, ताई." ताई म्हणाली. परकी बाई समजून.

गाडी वळली आणि हे म्हणाले, "झालं ना आता? विसर."

हाच शब्द निघायला पाहिजे होता का तोंडातून?

अक्काशी अबोल्यात मी चौदा वर्षं काढली, आणि तिनं तर ऐकलं होतं फक्त कुणाचं तरी. ह्यांच्याशी किती काढू? हिशेबानं चौदा काढली तर हे ब्याऐंशीचे होतील.

१० जानेवारी, शुक्रवार

अर्चू रविवारी येतेय. हे दोनदा म्हणाले, "अर्चूला काही सांगू नको."

मी हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही. डाग तिच्या पाठीवरचा, लग्न तिचं मोडलं. मी लपवलं, ह्यांनी लपवलं, अक्कानं लपवलं. तिला एकदा तरी कुणी विचारलं होतं का?

१२ जानेवारी, रविवार

अर्चूची एसटी साडेदहाला लोहाऱ्याला येते. हे नऊलाच मोटारसायकल घेऊन निघाले. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. दारात थांबले, चप्पल घालता घालता विचारलं, "मीच बोलू का तिच्याशी?"

"काय बोलणार?"

"जे झालं ते."

"कुठलं? मला सांगितलं ते, का अक्कानं सांगितलं ते?"

ह्यांनी किक मारली.

मागं बसून जाऊ का, असं आलं होतं मनात. गेले नाही. पिठलं केलं, भात टाकला, अर्चूला आवडतं म्हणून ठेचा.

आता बारा वाजून गेले. मघाशी अर्चूला फोन लावला. "उतरले गं कवाच, बाबा भेटलेत," म्हणाली आणि ठेवला. आवाज नेहमीचा वाटला. वाटला नाही. लोहाऱ्याहून इथं अर्धा तास लागत नाही. म्हणजे रस्त्यात कुठंतरी थांबलेत. तिनं थांबवलं का ह्यांनी, आणि कुणाचं सांगून झालंय, कुणाचं नाही

गाडीचा आवाज आला असं वाटून उठले होते. दूधवाला होता.