साडीवाल्याची पाटी

पप्पा, आज दुपारपासून माझा एका जागी पाय ठरत नाही. भाजी चिरायला घेतली ती तशीच ठेवली, कपड्यांच्या घड्या घालायला बसले आणि उठले. संध्याकाळी सोसायटीची सभा आहे आणि सभेचा विषय तुमची नात आहे. तिने गच्चीवर नाचून एक रील टाकली. अंगात बिनबाह्यांचा आखूड टॉप होता. आमच्या सेक्रेटरींनी त्यातला फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली विचारलं, आपल्या बिल्डिंगचे हेच संस्कार का? तिने रील काढावी आणि सगळ्यांसमोर माफी मागावी, असं बहुतेकांचं म्हणणं आहे. बदलापुरात घर घेतलं तेव्हा वाटलं होतं, इथे कोण कुणाच्या घरात डोकावतंय. आता अख्खी बिल्डिंग डोकावते आहे.

आणि मला सारखे तुम्ही आठवताय. अंबरनाथ पश्चिमेची आपली दीड खोली, तिथून अख्ख्या आळीत गेलेल्या केबलच्या वायरी आणि स्वयंपाकघराच्या दाराशी मांडलेले दोन व्हीसीआर. एकात सिनेमा, दुसऱ्यात उल्हासनगरच्या साडीवाल्याची जाहिरात. रविवारी दुपारी सिनेमा लागतो, तुम्ही स्टुलावर बसता, बोट बटणावर. नायक नायिकेजवळ सरकला रे सरकला की तुम्ही बटण दाबता आणि आळीतल्या सगळ्या टीव्हींवर पाटी येते: फुलदाणी, दुकानाचं नाव, बस्त्यासाठी अवश्य या. मामला उरकला की सिनेमा पुन्हा सुरू. कधी तुमचा अंदाज चुकायचा. मग चाळीतल्या काकू दुसऱ्या दिवशी तुम्हाला रस्त्यात गाठायच्या, पाटी उशिरा आली, मामंजींसमोर पंचाईत झाली म्हणायच्या. एकदा तर साडीवाले सिंधी शेठच घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, "भाऊ, मेरे दुकान का नाम देखते ही लोग हँसते हैं. नई बहू लोग अंदर आने को शरमाती हैं." तुम्ही फुलदाणीच्या जागी गणपतीचं चित्र टाकायचं सुचवलंत, तेव्हा त्यांनी हातच जोडले. आठवलं की अजून हसू फुटतं.

पण त्या एका रविवारी मला हसू येत नाही. सिनेमातला नवरा बायकोला पट्ट्याने मारतो आहे. ती कोपऱ्यात सरकते, तो पुन्हा मारतो, आणि हे बराच वेळ चाललं आहे. तुमचं बोट बटणावरून उठलेलं, तुम्ही निवांत शेंगा सोलताय. आई भाकरी थापता थापता थांबली आणि तिने विचारलं, "ह्याच्यावर नाही का टाकायची पाटी?"

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हे तर घरोघरचं आहे. ह्यात झाकायचं काय?"

आई पुन्हा भाकरी थापायला लागली. तव्यावरची भाकरी मात्र त्या दिवशी करपली. तुम्ही जन्मात कधी तिच्यावर हात उचलला नाहीत, आवाजसुद्धा चढवला नाहीत, म्हणून तर तुमचं ते बोलणं मला जास्त बोचतं. वाईट माणूस बोलला असता तर मी ते सोडून दिलं असतं.

तुम्ही गेलात, मग व्हीसीआर गेले, आता तर प्रत्येकाच्या हातात आपापला पडदा आहे. लोक म्हणतात जमाना बिघडला, काही झाकायचं राहिलंच नाही. मला तसं वाटत नाही. ह्याच ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक व्हिडिओ आला होता, कुठल्याशा बागेत बसलेल्या मुलामुलीला जमावाने बडवल्याचा. मुलगी ओढणीने तोंड झाकत होती आणि कुणीतरी ती ओढणी ओढत होतं. त्याच्याखाली आमच्या बिल्डिंगने अंगठे दिले, हसरे चेहरे दिले, असंच पाहिजे म्हणून लिहिलं. सेक्रेटरींना तेव्हा संस्कार आठवले नाहीत. पप्पा, राग ह्याचा येतो की त्या माणसांना मी ओळखते. ती तुमच्यासारखीच आहेत, साधी, पापभीरू, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

मी काही फार पुढारलेली नाही. रीलखाली परक्या पुरुषांनी जे लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला. ते सगळं एका बटणाने घालवता आलं असतं तर मी घालवलं असतं. ह्यांचं म्हणणं, माफी मागून मोकळं व्हावं, रोज ह्याच लोकांत राहायचंय. पोरगी म्हणते, मी नाचले, चोरी केली नाही. मी दोघांच्या मध्ये. सकाळपासून तुमच्याशी मनात भांडते आहे, म्हणून शेवटी कागद घेतला. तुम्हाला पोचणार नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच इतकं लिहवलं.

मघाशी ती खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. म्हणाली, "बाकीच्यांचं सोड. आई, तुला लाज वाटली का ती रील बघून?"

मी म्हटलं, "नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि तोंड धुवायला गेली. आता ती माझ्याबरोबर खाली यायला तयार होते आहे, केस विंचरते आहे, आणि माझ्या एका शब्दावर ताठ उभी राहणार आहे.

वाटली होती, पप्पा. पण तिला नाही म्हटलं, आणि खालीही नाहीच म्हणणार आहे.