मॅचच्या दिवशी कोण कुणाकडे बघतं

८ सप्टेंबर, सोमवार
माझ्या वर्गातल्या मनालने आज प्रश्न आणला — आणि तोही असा! नववीला सांगितलं होतं, 'आपण भारतीय' यावर निबंध नको. तुम्हाला खरंच छळणारा एक प्रश्न आणा, त्याचा शोध घेऊ. कुणी राष्ट्रगीत आणलं, कुणी भाषा. हिने विचारलं, "भारत-पाकिस्तान मॅच असली की सगळे आधी माझ्या अब्बूंकडे का बघतात?"

तिचे अब्बू म्हणजे सलीमभाई. जुन्नरच्या बाजारात त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. मॅचला गर्दी तिथेच जमते.

मागून कुणीतरी हसलं. तरी प्रश्न फळ्यावर लिहिला.

९ सप्टेंबर
श्रेया तिची जोडीदार झाली. आपणहून! दोघींना एवढंच सांगितलं — उत्तर आधीच ठरवून जाऊ नका. बघणाऱ्यांनाच विचारा. भांडू नका. ते म्हणतील तसंच लिहून आणा.

११ सप्टेंबर
श्रेयाने थेट वडिलांनाच विचारलं. गोकुळभाऊ टोमॅटोची पिकअप चालवतात. आज गाडी शाळेच्या फाटकातच आडवी लावली.

"बाई, पोरीनं मला माझ्याच घरात आरोपी केलं! शिकवा म्हणलं व्हतं, हे न्हाई!"

"तिने फक्त विचारलं, भाऊ."

"पण इचारलंच कशाला?"

ते गेल्यावर मुख्याध्यापक सर म्हणाले, "विषय बदला. कुणी व्हिडिओ फिरवला तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही." मग आवाज खाली आणून — "त्यात तुम्ही बौद्ध. लोक भलतंच लावतात."

उत्तर द्यायला हवं होतं. मी हजेरीपट उचलून वर्गावर गेले.

१२ सप्टेंबर
मनाल स्वतःच आली. "बाई, मी शिवनेरीवरची झाडं घेते. अब्बू म्हणतात, आपल्याला इथंच धंदा करायचाय."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? डबा तसाच घरी आणला.

१३ सप्टेंबर, शनिवार
मनाल झाडांवर बोलली. छान बोलली — त्याचंच वाईट वाटलं.

मग श्रेया उठली. घडी घातलेला कागद उघडला. "प्रश्न माझाही होता. पप्पांनी काल जेवताना उत्तर दिलं. वाचू का म्हटलं, तर वाच म्हणाले."

वाचलं: "समदी बघत्यात म्हणून मी बघतो. न्हाई बघितलं तर माझ्याकडंच बघतील."

कुणी हसलं नाही. सर दारात उभे होते, तसेच निघून गेले. मनाल हळूच म्हणाली, "हे अब्बूंना सांगू का?"

घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. वाटलं, शिकवणं म्हणतात ते हेच!

१४ सप्टेंबर, रविवार
आज मॅच. मुद्दाम सलीमभाईंच्या दुकानात गेले. पाकिस्तानची विकेट पडली, सगळे ओरडले — आणि माझी नजर सलीमभाईंकडे! आपोआप. ते टाळ्या वाजवत होते, सगळ्यांपेक्षा जोरात.

शेजारी मनाल उभी होती. ती माझ्याकडे बघत होती.