धाकटीच्या शेळ्या आणि सुबाभळीचा पाला

३ मार्च

धाकटीच्या गोठ्यात आज सतरा माणसं! मी मोजली — खिडकीतून. माझी धाकटी जाऊ, चारचौघांत दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, आणि शेळीपालक संघाचे लोक तिच्यापुढे माना डोलावत उभे. झाडपाल्याचा चारा हा विषय या भागात आणला कोणी? मी! गवत उन्हाळ्यात करपतं, झाड खोलवरून पाणी ओढून हिरवं राहतं — आठ वर्षं घसा फोडून सांगतेय.

हिने केलं काय? फांद्यांच्या पेंढ्या शेळीच्या तोंडाच्या उंचीवर टांगल्या. बस! माझ्या शेळ्या खाली टाकलेला पाला तुडवतात, मग त्याला तोंड लावत नाहीत. पुस्तकांत हे नव्हतं.

४ मार्च

मीही पेंढ्या टांगल्या. मागच्या बाजूला, कोणाला दिसू नये अशा. शेळ्यांनी फडशा पाडला. जास्तच राग आला.

९ मार्च

पंचवीस तारखेला संघ नमुना गोठा निवडणार. ज्याचा गोठा, त्याच्याकडे वर्षभर लोक शिकायला येणार. हे जेवताना म्हणाले, "धाकटीचाच नंबर लागेल बहुतेक."

"मग तिच्याच हातचं जेवा!"

"तेच जेवतोय. भाजी तिनेच पाठवलीय."

१५ मार्च

कपडे वाळत घालताना कुंपणापलीकडे नजर गेली. तिच्या शेळ्यांच्या पाठीवरचे केस गळताहेत. टांगलेली सगळी सुबाभूळ — सकाळी तीच, संध्याकाळी तीच. हे काय आहे, मला नेमकं ठाऊक आहे. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा सुबाभूळ जास्त झाली की शेळीला बाधते.

सांगितलं नाही. निवडीला दहा दिवस आहेत.

१६ मार्च

सांगितलं नाही.

२० मार्च

तीच कुंपणापाशी आली. "जाऊबाई, उवा झाल्यात का हो यांना? तुम्ही एवढं वाचता."

"डॉक्टरांना विचार," म्हटलं. गुरांचे डॉक्टर पुढच्या आठवड्याशिवाय येत नाहीत, हे दोघींनाही माहीत.

मत्सर माणसाला पोखरतो, असं मी व्यासपीठावरून किती वेळा गर्जले असेन! आज खरं बोलायला तोंड उघडलं नाही.

२३ मार्च

तिची गाभण शेळी व्याली. करडू मेलेलं. ती त्याला पोत्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसली होती. मला राहवेना. सगळं सांगितलं — सुबाभूळ बंद कर, तुती घाल, शेवगा घाल, सुकं गवत घाल, केस परत येतील. पंधरा तारखेपासून मला ठाऊक होतं, हेही सांगितलं. तिने नुसतं पाहिलं.

ते बघणं सोसेना. मीच उलट तिच्यावर ओरडले, "पण नुसती सुबाभूळ घालायचं तुझ्या डोक्यात आलं कुठून?"

"माझ्या डोक्यातलं कुठलं? तुमच्या भाषणात होतं की." मग हात वर करून, अगदी मी थांबते तिथे थांबून — "सुबाभूळ घाला! खातील तेवढी घाला! मोजू नका!" आणि हळूच, "मी पाठ केलंय ते. मागे उभी राहून ऐकते."

२४ मार्च

भाषणाची वही काढली. वाक्य आहे. त्याच्या खाली तिसऱ्या हिश्शाचंही होतं — तिथे टाळ्या पडत नाहीत म्हणून मीच खोडलेलं.

हे भाषण मी एकतीस गावांत केलंय.