ढावलोची तालीम

अमरावती, ४ ऑगस्ट २०२५

॥ जय सेवालाल ॥

ती. लखमाआत्यास,

मंजुषाचा सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं, हे तिसरं. मन एका जागी ठरत नाही. वसतिगृहाच्या गच्चीवर फेऱ्या मारते, खाली येते, पेटी उघडते, पुन्हा झाकून ठेवते. फोन केला असता, पण आपल्याकडे फोन आला की स्पीकर लागतो आणि अख्खा तांडा ऐकत बसतो. तुझ्याशी मला एकटीशी बोलायचं आहे.

या वर्षी आमचा मोठा विषय अध्यापन पद्धतीचा आहे. गाता येणं वेगळं आणि गाणं शिकवता येणं वेगळं, असं मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या. प्रत्येकीनं शिकवण्याजोग्या दहा रचना जमवायच्या, काही गळ्याच्या, काही वाद्याच्या. प्रत्येक रचनेखाली पाठाचं टाचण लिहायचं आणि डिसेंबरात एक पाठ खऱ्या शाळेत, आठवीच्या वर्गासमोर घ्यायचा. माझ्या नऊ रचना झाल्या. भूप झाला, पेटीवरचे अलंकार झाले, प्रार्थना झाली. पण सगळ्या मुलींच्या वह्या एकसारख्याच दिसतात. मॅडमनी माझी वही चाळून विचारलं की यात तुझ्या घरचं काय आहे. मी वही मिटून परत आले, आणि तेव्हापासून ही तगमग आहे.

आत्या, मला ढावलो हवा आहे. नवरी माहेर सोडताना रडत गाते असं आपल्याकडे गाणं आहे, हे इथं कुणाला माहीतसुद्धा नाही. मी तो पेटीवर बसवायला गेले, तर हुंदका दोन पट्ट्यांच्या मध्ये पडतो, सापडतच नाही. तू किती नवऱ्यांना तयार केलंस! कसं शिकवतेस ते मला क्रमानं लिहून पाठव. दसऱ्याच्या सुटीत तुझ्यासमोर बसून शिकेन म्हणते.

चष्मा दुरुस्त करून घे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मंजू

—

शेलूबाजारचा तांडा, १३ ऑगस्ट २०२५

॥ जय सेवालाल ॥

चि. मंजुषास,

लालसिंगचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हे फोनवर बोलायला मला जमलं नसतं, म्हणून कित्येक वर्षांनी पेन हातात धरला. अक्षराला हसू नको. तुझं पत्र अनसिंगला लखमाताईला मिळालं. तिचा चष्मा वाशिमला दुरुस्तीला गेलेला, म्हणून तिच्या सुनेनं वाचून दाखवलं आणि त्याच संध्याकाळी तुझ्या आईला फोन केला. तुझी आई आधी रडली, मग हसली, मग शेजारीपाजारी सांगायला निघून गेली. पोरीनं सोताहून मागतलं, आता कायले थांबाचं, असं तिचं म्हणणं.

उन्हाळ्यात रिठदकडच्या मारोतराव राठोडांच्या शिवमचं स्थळ आलं, तेव्हा तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, तुझ्या मनात नसेल. पण आपल्या मुली तोंडानं हो म्हणत नाहीत, ढावलो शिकवा म्हणतात. तुझ्या आईनंही तिच्या घरी असंच कळवलं होतं. एवढं शिकूनही तू रीत सोडली नाहीस, याचा मला फार आनंद झाला. मारोतरावांना मी होकार कळवून टाकला.

मुलगा तलाठी आहे, सुपारीचंही व्यसन नाही. त्याची आजी जुन्या वळणाची आहे. नवरी पुरता ढावलो गायल्याशिवाय तिला दारात घेणार नाही म्हणते. म्हणून पुढचं सगळं ताईवर सोडलं आहे. शिकवणारीनं मुलगी तयार झाली म्हटलं की मगच गूळ खाऊन सोयरीक पक्की करायची, ही आपली पद्धत. ताईचा शब्द आला की फेब्रुवारीत लग्न उरकू. मुलीनं वसतिगृहात राहणं त्यांना पसंत नाही. पुढच्या शिक्षणाचं तेच बघतील.

सोयाबीन बरं आहे. तब्येतीला जप.

तुझा,
बाबा

—

अमरावती, १८ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

घोळ झाला. मी पाठ मागितला आणि बाबांनी होकार ऐकला! रीत मला ठाऊक नव्हती असं नाही गं, त्या वेळी डोक्यातच आली नाही. मी नवरी म्हणून मागितलाच नव्हता, वहीसाठी मागितला होता. आता हे कुणाला सांगू?

बाबांचं पत्र सारखं वाचते आणि घडी घालून ठेवते. इतका आनंद त्यांनी मला बारावीच्या निकालालाही दाखवला नव्हता. नाही म्हटलं तर मारोतरावांना दिलेला शब्द मोडतो आणि चार लोकांत बाबांची मान खाली जाते. हो म्हटलं तर फेब्रुवारीत माझी वळकटी इथून उचलायची. शिवम वाईट असेल असं मी म्हणत नाही, मी त्याला धड पाहिलंसुद्धा नाही. पण मला ही दोन वर्षं पुरी करायची आहेत. मला आपल्याकडच्या आश्रमशाळेत संगीत शिकवायचं आहे. आपली पोरं शेतात दिवसभर मोकळ्या गळ्यानं गातात आणि शाळेच्या प्रार्थनेत मात्र ओठ हलवत उभी राहतात, कारण पेटीचा सा त्यांच्या गळ्याचा नसतो. मीही तशीच ओठ हलवत उभी राहिलेली आहे. मला त्यांचा सा धरून पेटी वाजवायची आहे. एवढंच मागणं आहे आणि तेही आता हातचं जायला लागलं.

वर्गात लक्ष लागत नाही. काल ताल देताना सम चुकली. आत्या, तू बाबांची मोठी बहीण. तुझं ते ऐकतात. काहीतरी कर, पण त्यांना दुखवू नकोस.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
मंजू

—

अनसिंग, २९ ऑगस्ट २०२५

॥ जय सेवालाल ॥

चि. मंजूस,

आत्याचे पोटभर आशीर्वाद.

चष्मा आला. तुझी दोन्ही पत्रं मी आता स्वतः वाचली. सुनेला यापुढे डाकेला हात लावायची बंदी आहे, त्यामुळे ती रुसली आहे आणि भाजीत मीठ जास्त पडायला लागलं आहे. आणि तुला काय म्हणू? एवढी शिकलीस आणि विचारताना जरा मागंपुढं पाहिलं नाहीस. तुझ्या पत्रानं दोन घरांत लग्नाची पातेली चढली.

पद्धत विचारलीस, ती सांगते. पहिले चार दिवस शब्द नाहीत. मुलीला पाठमोरी बसवते, तिच्या पाठीवर तळहात ठेवते आणि नुसता श्वास बघते. पाचव्या दिवशी एकच शब्द द्यायचा, याडी. आईला हाक मारताना श्वास पार संपायला पाहिजे. मुली घाबरून मधेच चोरून श्वास घेतात. कानाला कळत नाही, पण हाताला कळतं. ताल नाही, पेटी तर नकोच. हे सगळं तुझ्या मॅडमना कोणत्या रकान्यात बसतं ते तू बघ.

आता एक गोष्ट, जी मी कुणाजवळ बोलले नाही. सहा वर्षं झाली, मी कुणालाही ढावलो शिकवला नाही. गुडघे दुखतात असं सांगते. शेवटची मुलगी चौदा वर्षांची होती. मी सेविका असलेल्या अंगणवाडीतच वाढलेली, तिचं वजन मीच करत होते. तिच्या घरच्यांना घाई होती आणि मी आठ दिवसांत तयार झाली म्हणून सांगून टाकलं. दीड वर्षानं ती बाळ घेऊन आली. त्याच काट्यावर मी त्या बाळाचं वजन केलं. पावणेदोन किलो. लग्न मी ठरवलं नव्हतं, हे खरं. पण माझ्या शब्दाशिवाय ते झालंही नसतं, हेही खरं. तेव्हा तोंड का उघडलं नाही, असं रोज मनात येतं.

तू दसऱ्याला ये. तुला शिकवते असं मी लालसिंगला कळवलं आहे. रडत, भांडत कशीही ये, पण गाताना मन लावून गा.

तुझी,
लखमाआत्या

—

अमरावती, ९ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,

सा. न. हा नमस्कार रीत म्हणून लिहिते आहे.

मी तुला वाचव म्हटलं होतं आणि तू मला शिकवायला बसवलंस. तेही मी सोसलं. चार दिवस पाठमोरी बसून श्वास दिला, पाचव्या दिवशी शब्द घेतला. मग तू शेलूबाजारला आमच्या अंगणात बाबांना, मारोतरावांना, त्यांच्या आईला, सगळ्यांना बोलावलंस आणि मला गायला लावलंस. मी रागानं गायले, पण चुकीचं गायले नाही. आई तोंडाला पदर लावून रडत होती. मारोतरावांच्या आईनं दोनदा डोळे पुसले. माझा श्वास याडीवर बरोबर संपला, अगदी तळाला जाऊन संपला.

आणि तू माझ्या पाठीवरचा हात काढून घेतलास आणि सगळ्यांदेखत म्हणालीस की पोरगी कच्ची आहे, श्वास चोरते. सुटी-सुटीत शिकायचं म्हणजे हिला दोन वर्षं तरी लागतील, त्याआधी मी हो म्हणणार नाही, माझ्या नावाला बट्टा लागेल. बाबांचा चेहरा केवढा उतरला! मी श्वास चोरला नाही, आत्या. पाच वर्षं गाणं शिकते आहे, मला माझा श्वास कळतो. तुला खोटं बोलताना मी कधी पाहिलं नाही, म्हणून जास्त लागलं. तुझ्या पाया न पडता जीपमध्ये बसले, त्याचं वाईटही वाटतं आणि रागही जात नाही.

वहीचं दहावं पान अजून कोरं आहे. माझं नेमकं कुठं चुकलं तेवढं लिही.

मंजुषा

—

अनसिंग, १७ ऑक्टोबर २०२५

॥ जय सेवालाल ॥

चि. मंजूस,

नापास झालेल्या पोरीला आत्याचे दुप्पट आशीर्वाद.

अगं वेडे, तू गाणं इतकं शिकलीस की दुसरं काही ऐकूच येईना का तुला? दोन वर्षं म्हणजे किती, ते बोटावर मोज. तुझी परीक्षा कधी संपते, तेही मोज.

तुझं कुठंच चुकलं नाही. तू आठ वर्षांची असताना मी शेजारच्या खोलीत नवऱ्या तयार करायची आणि तू कुडाला कान लावून बसायचीस, मग बकऱ्यांना तोच ढावलो म्हणून दाखवायचीस. तेव्हाच तो तुला येत होता. त्या दिवशी अंगणात तू गायलीस तेव्हा तुझा श्वास माझ्या तळहाताखाली पार तळाला जाऊन संपला. असा ढावलो मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही, स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. म्हणूनच हात चटकन काढला. अजून थोडा वेळ ठेवला असता तर माझ्याच्यानं खोटं बोलवलं नसतं.

मारोतराव दोन वर्षं थांबायला तयार नाहीत, दुसरीकडे मुली बघतात म्हणे. बघू देत. शब्द कुणीच मोडला नाही, मुलगी नापास झाली एवढंच. त्यांची म्हातारी मात्र निघताना माझा हात दाबून गेली. तिला सगळं कळलं. तुझा बाप चार दिवस अबोला धरून होता. पाचव्या दिवशी फोन करून विचारतो, ताई, पोरगी खरंच एवढी कच्ची हाय का. मी म्हटलं, शिकवणारी तू का मी. मग म्हणाला, तिले हॉस्टेलात दिवाळीचा चिवडा धाडतो.

दहाव्या पानावर ढावलो लिही. पण आठवीच्या पोरींना तो शिकवू नकोस. त्यांना पहिल्या चार दिवसांचं शिकव, पाठीवर हात आणि नुसता श्वास. शब्द देऊ नकोस. त्यांचा शब्द त्या मोठ्या झाल्या की स्वतः मागतील.

तुझ्या विद्यापीठाचा निकाल लागला की पेढे घेऊन ये, राहिलेला नमस्कारही तेव्हाच कर. माझ्याकडे मात्र तू नापासच राहणार. ज्या दिवशी तू स्वतः येऊन आत्या, आता पास कर म्हणशील, त्या दिवशी करीन.

तुझी,
लखमाआत्या