आईला न बसवता घेतलेली गाडी

टिल्लू,

तू तुझ्या गाडीसाठी पॉलिश आणायला गेलास आणि आई कौतुकाने आत बसून बघायला गेली. तिला उठताच येईना. शेजारच्या काकांनी आणि मी काखेत धरून तिला बाहेर ओढली.

जुनी उंच गाडी देऊन ही घेतलीस, घरात कुणाला विचारलंस? इंजिनाचा आवाज ऐकलास, टायर तपासलेस, शंभरचा वेग किती सेकंदांत घेते ते तर पाठच आहे तुला. कंबरेचं ऑपरेशन झालेल्या आईला एकदा त्या जमिनीला टेकलेल्या सीटवर बसवून पाहावं, एवढं मात्र सुचलं नाही. घोड्यावर बसल्यासारखा आलास काल.

आई म्हणते, "त्याला काही बोलू नकोस. मी कीर्तन घरीच ऐकेन." तेवढं एकच तिचं बाहेर पडणं आहे रे. म्हणून तिला टॅक्सीने घेऊन चालले आहे.

जेवण झाकून ठेवलंय, नीट जेव. देव तुझं भलं करो, पण ही गाडी मला दारात नको. दुसरी बघायला जाशील तेव्हा आईला ने. ती बसून आपली आपण उठली, तरच हो म्हण.

ताई